सिनेमा कळला नाही, यात दोष कोणाचा?

जब्या दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. ‘फँड्री’ तिथेच संपतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये हा चित्रपट महाराष्ट्रात लागला, तेव्हा खुर्चीतून उठणाऱ्यांच्या मनात प्रश्न होतेच. मग पुढे काय झाले? दगड कोणाला लागला? शालूला काही कळले का? आणि ज्या काळ्या चिमणीच्या मागे पोरगा सिनेमाभर धावला, तिचे काय?

दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. इंदापूर आणि करमाळा या दोन तालुक्यांमध्ये काय ते उजनीचे पाणी आडवे. म्हणजे बारामती-इंदापूरच्या प्रेक्षकाला या सिनेमातले काहीच परके नव्हते. माळ, बाभळी, डुकरे, जत्रा, शाळेची रंगवलेली भिंत, बोलण्यातला हेल, सगळे ओळखीचे. प्रत्येक वाक्य कळत होते. तरीही कोणी म्हणाले, ‘सिनेमा भारी, पण शेवट कळला नाही राव.’

हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोलतो, आणि बरेचदा थोडे ओशाळून बोलतो. शेजारच्याला कळले आणि आपल्याला नाही, म्हणजे आपलेच डोके कमी, असे वाटून जाते. काही जण उलट टोकाला जातात आणि ‘कसला डोकेदुखी सिनेमा’ म्हणून मोकळे होतात. या दोन्हींच्या मधे एक प्रश्न शिल्लक राहतो. गोष्ट ‘कळते’ म्हणजे मेंदूत नेमके काय होते? आणि कळत नाही, तेव्हा ते कधी सिनेमामुळे असते आणि कधी तब्येतीमुळे? दुसरा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण गोष्ट कळेनाशी होणे ही काही आजारांची सुरुवातीची खूण असू शकते.

न दाखवलेले कसे दिसते?

मंजुळे यांचाच २०१६ चा ‘सैराट’ आठवून पाहावा. आर्चीच्या माहेरची माणसे भेटी घेऊन घरी येतात. चहा होतो. लहान मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेले असते. ते परत येते, दारात थबकते, रडू लागते आणि रक्ताची पावले उमटवत बाहेर पडते. पार्श्वसंगीत नाही, संवाद नाहीत. आर्ची आणि परशाला मारताना एकदाही दाखवलेले नाही. तरी पाहणाऱ्याला ते सगळे पाहिल्यासारखे वाटते.

ही करामत मेंदूची आहे. इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर उजनीच्या पाण्याखाली गेलेले आहे. पाणी उतरू लागले की आधी शिखर वर दिसते. पाहणारा नुसते शिखर पाहतो, पण मनात त्याच्याखाली अख्खे मंदिर उभे करतो. मेंदू सिनेमा असाच पाहतो. पडद्यावर तुकडे येतात, मधली जागा तो स्वतः भरतो.

ही सवय किती खोल आहे, हे फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये दाखवून दिले. त्यांनी एक छोटी फिल्म केली. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारी एक चौकट, एवढेच होते. आकृत्या नुसत्या इकडून तिकडे सरकत होत्या. ‘काय दिसले ते लिहा’ म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांनी गोष्टच लिहिली. मोठा त्रिकोण दादागिरी करतो, लहान त्रिकोण भांडतो, वर्तुळ घाबरून लपते. नुसत्या आकृत्या सरकताना पाहणारे अपवादालाच सापडले. तात्पर्य, गोष्ट शोधणे ही मेंदूची आवड नाही, ती त्याची कामाची पद्धत आहे. दुसऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज घेतल्याशिवाय माणसाला कळपात जगताच आले नसते.

‘सैराट’मध्ये रिकामी जागा अशी ठेवली आहे की ती सगळे एकसारखीच भरतात. ‘फँड्री’त ती अशी ठेवली आहे की ज्याने त्याने आपापल्या परीने भरावी. कुणाला तो दगड छळणाऱ्या पोराला लागलेला दिसतो, कुणाला स्वतःच्या कपाळावर. दोघांनाही सिनेमा कळलेला असतो. फक्त एकच बरोबर उत्तर हवे असलेल्या माणसाला तो ‘अर्धवट’ वाटतो.

आधीचे माहीत असेल, तरच पुढचे कळते

पुढचा मजकूर एकदा वाचावा आणि विषय कोणता ते ओळखावे.

‘पहाटे सुरुवात केलेली बरी. आधी घाण वर येऊ द्यावी आणि ती काढत राहावी. आळस केला तर रंग जातो. मग नुसते थांबायचे आणि बघत राहायचे. बघणारा जाणता हवा, कारण थोडे आधी किंवा थोडे नंतर झाले तर सगळी मेहनत वाया. वेळ झाली की सगळ्यांनी मिळून उतरवायचे, पसरायचे, आणि गार व्हायच्या आत भरायचे. पोरे जवळ येतात. त्यांना लांब ठेवावे, पण रिकाम्या हाताने परत पाठवू नये.’

नीरेच्या काठावर वाढलेल्या माणसाने दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच ओळखले असेल. हे गुऱ्हाळ आहे. घाण म्हणजे रसावरची मळी, जाणता म्हणजे गुळव्या, आणि पोरांच्या हातावर पडणारी ती काकवी. ज्याने गुऱ्हाळ कधी पाहिलेच नाही, त्याला हीच सोपी मराठी वाक्ये कोड्यासारखी वाटतील. आता विषय कळल्यावर परिच्छेद पुन्हा वाचला, तर एकही शब्द न बदलता तो स्वच्छ होतो.

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये असाच एक प्रयोग केला. त्यांचा परिच्छेद कपडे धुण्याबद्दल होता. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना मजकूर समजला आणि सुमारे दुप्पट आठवला. ज्यांना विषय वाचून झाल्यानंतर सांगितला, त्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. चौकट आधी मिळाली तर तुकडे त्यात बसत जातात. नंतर मिळाली तर तोवर तुकडे विस्कटलेले असतात.

सिनेमाचेही तसेच आहे. चित्रपटांची स्वतःची एक बोली असते. कॅमेरा जवळ गेला म्हणजे काय, चित्र धूसर झाले की भूतकाळ सुरू झाला, दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवल्या म्हणजे त्या एकाच वेळी घडताहेत. हे आपण लहानपणापासून पाहून पाहून शिकलेलो असतो, म्हणून ते शिकल्याचे आठवतही नाही. स्टेफान श्वान आणि सेर्मिन इल्दिरार या संशोधकांनी दक्षिण तुर्कस्तानातील डोंगराळ भागात, ज्यांनी आयुष्यात सिनेमा किंवा टीव्ही पाहिलेला नव्हता अशा प्रौढांना छोट्या फिल्म दाखवल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक गोष्ट ठळक दिसली. फिल्ममध्ये रोजच्या ओळखीचे काम ओळखीच्या क्रमाने चालू असेल, तर तुकडे जोडणे त्यांना जमत होते. तो धागा नसेल, तर गोंधळ उडत होता. ही माणसे कमी बुद्धीची नव्हती. फक्त त्यांच्याकडे सिनेमाची चौकट नव्हती.

आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहणाऱ्या पिढीने ही अडचण आपल्या पद्धतीने सोडवली होती. सतरंजीवर शेजारी बसलेला कोणी तरी जाणकार ‘हा त्याचा भाऊ बरं का’, ‘हे मागचं चाललंय’ असे सांगत राहायचा. त्रास व्हायचा, पण उपयोगही व्हायचा. आज तोच माणूस कानात बोंडे घालून मोबाईलवर एकटाच सिनेमा पाहतो. अडले तर विचारायला शेजारी कोणी नसते. मध्येच फोन येतो, मेसेज वाजतो. मेंदूची हाताशी धरून ठेवण्याची जागा, जिला कार्यकारी स्मृती म्हणतात, फार छोटी आहे. एका वेळी चार-पाच गोष्टींहून जास्त तिच्यात मावत नाहीत. काळाच्या उड्या मारणारा सिनेमा ही जागा आधीच भरून टाकतो, त्यात एक व्हॉट्सॲप मेसेज पुरेसा होतो. अशा वेळी सिनेमा अवघड नसतो, लक्ष फुटलेले असते.

एकच सिनेमा, वेगवेगळे मेंदू

सिनेमा पाहताना वेगवेगळ्या माणसांचे मेंदू एकसारखे चालतात का, हे उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. २००४ मध्ये त्यांनी काही जणांना एमआरआय यंत्रात झोपवून ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या पाश्चात्त्य चित्रपटाचा अर्धा तास दाखवला. यंत्रात प्रत्येक जण एकटाच होता, तरी मेंदूचे अनेक भाग सर्वांमध्ये एकाच तालावर चढत-उतरत होते. पुढच्या तुलनेत असे दिसले की, हिचकॉकच्या एका रहस्यकथेत हा मेळ मेंदूच्या बाह्य थराच्या सुमारे ६५ टक्के भागात दिसतो. बागेत कॅमेरा ठेवून नुसते जे घडेल ते टिपले, तर तो ५ टक्क्यांहूनही कमी भागात उरतो.

कसलेला दिग्दर्शक प्रेक्षकाचे डोळे, अपेक्षा, भीती यांना बोटाला धरून नेतो. काही दिग्दर्शक मुद्दाम बोट सोडतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये, ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, न्यायालयाला सुट्टी लागल्यावर दिवे मालवले जातात आणि आपल्याला वाटते सिनेमा संपला. पण तो पुढे सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशाच्या मागे जातो. बाकावर डुलकी लागलेला हा माणूस पोरांच्या ओरडण्याने दचकतो, एकाला चापट मारतो आणि पुन्हा डोळे मिटतो. खटल्याचा निकाल काय? तो सांगितलाच जात नाही. इथे प्रत्येकाचा मेंदू आपापल्या वाटेने जातो. कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला ती डुलकी एक सांगते, न चढलेल्याला दुसरे.

असा अपुरा शेवट डोक्यात घर करून बसतो, हेही खरे. अर्धवट राहिलेले काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त आठवते, असे ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम नेहमीच तितका ठळक दिसला नाही, तरी अपुऱ्याची रुखरुख सगळ्यांना ओळखीची आहे. ती रुखरुख किती सोसवते, हे माणसागणिक बदलते. काहींना संदिग्ध उत्तर चालते, काहींना लगेच पक्का निकाल लागतो. दमलेले असताना किंवा घाईत असताना तर कुणालाही पक्का निकालच बरा वाटतो. म्हणून दिवसभर कारखान्यात पाळी करून आलेल्या माणसाला रात्री दहाला अवघड सिनेमा नकोसा वाटला, तर त्यात त्याची अभिरुची काढण्याचे कारण नाही. मेंदू थकलेला असतो.

अशा सिनेमानंतर लगेच मोबाईलवर ‘शेवटाचा अर्थ’ शोधण्याआधी एक दिवस थांबून पाहावे. सोबत पाहणाऱ्याशी बोलावे. झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणींची मांडणी करतो, आणि सकाळी कधी कधी एखादा तुकडा आपसूक जागेवर बसलेला असतो.

सोपेही कळेनासे होते तेव्हा

इथवर सगळे ठीक आहे. धडधाकट माणसाला अवघड सिनेमा कळला नाही, तर काळजीचे कारण नाही. पण आता वेगळे चित्र डोळ्यांसमोर आणू. इंदापूर तालुक्यातील एखादी वस्ती. संध्याकाळी घरात रोजची मालिका लागली आहे. वर्षानुवर्षे तीच मालिका पाहणाऱ्या आजी विचारतात, ‘ही कोण गं?’ सून सांगते, ‘आत्या, ती तिची जाऊ नाही का!’ पाच मिनिटांनी पुन्हा, ‘ही कोण?’ नातू हसतो, ‘आजी, कालच तर दाखवलं की.’ पुढे पुढे आजी टीव्हीसमोर बसायचेच सोडून देतात. ‘मला नाही गोडी राहिली,’ म्हणतात. घरातले समजतात, वय झाले.

इथे थांबून पाहायला हवे. गोष्ट समजायला कान लागतात, डोळे लागतात, लक्ष लागते, आठवण लागते आणि मनाची उमेदही लागते. यातले काहीही ढासळले, तरी बाहेरून एकच वाक्य ऐकू येते, ‘मला कळत नाही.’

पहिला संशय कानांवर घ्यावा. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाहीत. पार्श्वसंगीत चालू असेल तर आणखीच. टीव्हीचा आवाज वाढवत नेणे, ‘काय म्हणाला?’ असे वारंवार विचारणे, फोनवरचे बोलणे टाळणे, या त्याच्या खुणा. कधी तर कानात साचलेला मळ एवढेच कारण निघते. मोतीबिंदू असेल, तर अंधाऱ्या प्रसंगात चेहरे वेगळे ओळखू येत नाहीत, आणि जाऊ कोण, नणंद कोण, याचा घोळ तिथेच सुरू होतो.

दुसरा संशय अशा कारणांवर, जी साध्या तपासण्यांत सापडतात आणि बहुतेक वेळा सुधारतात. थायरॉइडचे काम मंदावणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तातली साखर किंवा सोडियम खाली जाणे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये आणि पूर्ण शाकाहारी माणसांमध्ये ब-१२ कमी होण्याची शक्यता अधिक. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेवरची काही जुनी औषधेही वयस्कर माणसाच्या डोक्यावर धुके आणतात. महिना-दोन महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून किंवा न्हाणीघरात पडून डोक्याला मार बसला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मेंदूभोवती हळूहळू रक्त साचत गेल्याने विसराळूपणा येऊ शकतो.

तिसरा संशय नैराश्यावर. नैराश्य आलेल्या माणसाचे लक्ष टिकत नाही, म्हणून गोष्ट हातातून निसटते. ‘गोडी राहिली नाही’ हे वाक्य हसण्यावारी नेऊ नये. ते नैराश्याचे मुख्य लक्षण आहे.

हे सगळे पाहूनही प्रश्न उरला, तर डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, याचा विचार करावा लागतो. त्यात आठवणींबरोबरच क्रम लावण्याची ताकद जाते, म्हणून गप्पांचा, बातमीचा किंवा मालिकेचा धागा धरता न येणे ही सुरुवातीची खूण ठरते. वयाबरोबर नाव पटकन न आठवणे आणि मग थोड्या वेळाने आठवणे हे नेहमीचेच. पण रोजचा बाजाराचा रस्ता चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणे, वर्षानुवर्षे केलेल्या स्वयंपाकाचा क्रम हरवणे, हे नेहमीचे नाही. ६० वर्षांवरील भारतीयांत डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला.

‘फँड्री’ला ज्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’चाही गौरव झाला. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. मोटारीत बसलेला हा विद्वान रस्त्याने जाणारा हत्ती पाहतो आणि लहान मुलासारखा त्याच्या मागे चालू लागतो. त्याच्या डोक्यात प्रत्येक क्षण सुटा झालेला आहे, आधीच्याशी न जोडलेला. अवघड सिनेमा पाहताना आपल्याला दोन तास जे जाणवते, त्यात या माणसांचा अख्खा दिवस जातो. घरातल्यांनी एवढे ध्यानात घेतले, तरी ‘किती वेळा सांगायचं?’ हा सूर पुष्कळ खाली येतो.

डिमेन्शिया पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. पण त्याची जोखीम कमी करता येते. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये असे १४ घटक नोंदवले, ज्यांवर आयुष्यभर लक्ष दिले तर जवळपास ४५ टक्के रुग्णांमध्ये आजार टाळता किंवा लांबवता येईल. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, दारू, डोक्याची इजा, एकटेपणा हे त्यात आहेत. उपचार न केलेला बहिरेपणा आणि अधू दृष्टीही आहे. म्हणजे आजीला कानाचे यंत्र लावणे आणि मोतीबिंदू काढणे, यातून तिला मालिका तर कळेलच, तिच्या मेंदूचीही राखण होईल.

अर्थ फारच लागू लागला तर

याच्या उलट एक अवस्था आहे. गोष्ट न कळण्याऐवजी प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसू लागतो. विशी-पंचविशीतला मुलगा सिनेमा पाहून येतो आणि म्हणतो, ‘तो नट माझ्याशीच बोलत होता.’ बातम्या देणारी बाई आपल्याला खुणा करते, गाडीच्या नंबरात आपल्यासाठी निरोप आहे, मागे कोणी तरी लागले आहे. तुटक गोष्टींत संबंध दिसण्याच्या या अनुभवाचे वर्णन जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्लाउस कॉनराड यांनी १९५८ मध्ये केले. रिकाम्या जागा भरणारा तोच मेंदू आता नसलेल्या जागाही भरू लागतो. स्किझोफ्रेनियाची सुरुवात अशी होऊ शकते.

भावे-सुकथनकर यांच्याच २००४ च्या ‘देवराई’त अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष असाच आहे. सिनेमा आठवण, भास आणि वास्तव यांच्यात ये-जा करतो, आणि प्रेक्षकाला मध्येच कळेनासे होते की आता जे दिसते आहे ते खरे की शेषच्या मनातले. तो गोंधळ दिग्दर्शकांनी घालून दिलेला नेमका अनुभव आहे. शेषला तो बाहेर पडून थांबवता येत नाही, एवढाच फरक.

सिनेमावर तासन्‌तास चर्चा करणारा, नाना अर्थ काढणारा मुलगा आजारी नसतो. तो ‘असेही असू शकेल’ म्हणतो, दुसऱ्याचे ऐकून मत बदलतो. आजारात खात्री पक्की असते, ती फक्त स्वतःभोवती फिरते, आणि सोबत झोप उडते, अभ्यास किंवा काम सुटते, माणूस खोलीत कोंडून घेतो. अशा वेळी त्याच्याशी वाद घालू नये. देवऋषीकडे आठवडे घालवू नयेत. उपचार जितके लवकर, तितका माणूस सावरण्याचा संभव अधिक.

डॉक्टरांकडे काय सांगावे?

एक गोष्ट वेगळी काढून लक्षात ठेवावी. काल संध्याकाळपर्यंत नीट असलेला माणूस आज असंबद्ध बोलू लागला, बोललेले त्याला कळेना, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, तर ते वय नव्हे आणि विसराळूपणाही नव्हे. तो पक्षाघात, जंतुसंसर्ग किंवा रक्तातल्या साखर-क्षारांचा बिघाड असू शकतो. १०८ वर फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

बाकी हळूहळू होणाऱ्या बदलांसाठी सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातूनच करता येते. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. त्रास कधीपासून आहे, आधी काय जमत होते आणि आता काय जमत नाही, हे दोन-तीन उदाहरणांसह लिहून न्यावे. ‘आई विसरते’ यापेक्षा ‘दिवाळीपर्यंत आई मालिकेची अख्खी गोष्ट सांगायची, आता कालचा भागही सांगता येत नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या जास्त कामाचे. मनाच्या आजारांबाबत घरबसल्या सल्ला हवा असेल, तर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’चा क्रमांक १४५६७.

घरच्या घरी एक सवयही लावता येईल. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून एखादा सिनेमा पाहावा, मोबाईल बाजूला ठेवून. संपल्यावर प्रत्येकाने त्याची गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी, आजी-आजोबांनीही. ही परीक्षा नव्हे, गप्पा आहेत. ‘फँड्री’चा दगड कोणाला लागला, यावर घरात तीन मते निघाली तर ते घर छान चालले आहे असे समजावे. पण दर आठवड्याला एकाच माणसाच्या हातून साध्या गोष्टीचाही धागा सुटत असेल, तर हसू नये. त्याला दवाखान्यात घेऊन जावे.